साडूंच्या गॅलरीतला शनी

ग्रहांनी माणसांना छळल्याची उदाहरणं वर्धा जिल्ह्यात घरोघरी सापडतील. पण उलट ग्रहांनाच छळणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. नालवाडीत आमच्या या साडूंचं पंप आणि पाइपांचं दुकान. यंत्रासोबत येणारं माहितीपुस्तक वाचणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. "पुस्तक गिऱ्हाइकासाठी असते, दुकानदाराले नाई लागत," असं म्हणत ते पुस्तकावर गरम भजी काढून ठेवत. नव्वदच्या दशकात त्यांनी आमचा मिक्सर दुरुस्त केला, तेव्हा चार स्क्रू उरले. मी विचारलं तर म्हणाले, "कंपनी जास्तीचेच देते, भाऊ." मिक्सर त्यानंतरही उत्तम फिरायचा; फक्त ओट्यावरून फिरायचा.

अशा माणसाला पुढे, भारनियमनाच्या दिवसांत, परदेशातल्या मुलीने संगणकावर चालणारी दुर्बीण आणून दिली. आकाशातले दोन ठळक तारे तिला एकदा नेमके दाखवून द्यायचे. मग तिला दिशा समजतात, मागाल तो ग्रह ती स्वतः शोधते आणि मोटरच्या जोरावर त्याच्या मागे मागे फिरत राहते. अट एवढीच, की ते दोन तारे एकमेकांपासून चांगले दूर हवेत. साडूंनी ही दुर्बीण मांडली पहिल्या मजल्यावरच्या पूर्वेच्या गॅलरीत. डोक्यावर स्लॅब, डावीकडे शेजाऱ्यांचा जिना, उजवीकडे पाण्याची टाकी. मध्ये उरलेलं आकाश टॉवेलाएवढं, तोही हात पुसायचा. वर अख्खी गच्ची मोकळी पडली होती, पण मोकळ्या जागी काम करण्यात पुरुषार्थ तो काय?

पहिलं भांडण गावाच्या यादीवरून झालं. यंत्राच्या यादीत दिल्ली होती, मुंबई होती, वर्धा नव्हतं. "सेवाग्राम साऱ्या जगाले माईत हाय, अन् याले नाई?" म्हणून साडू दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी तारखेत दिवसाच्या जागी महिना भरला, तेव्हा दुर्बीण घूं घूं करत वळली आणि शेजाऱ्यांच्या जिन्यावर रोखून उभी राहिली.

"यंत्र म्हणते, तारा जिन्याच्या मांगं हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? जिना चुकला."

त्या टॉवेलात एका वेळी एकच ठळक तारा मावत असे. दुसरा तारा म्हणून साडूंनी यंत्राला मोबाइलच्या टॉवरचा लाल दिवा दाखवून पाहिला. जमलं नाही, असं यंत्राने इंग्रजीतून नम्रपणे कळवलं. संध्याकाळी वीज गेली की सारी नालवाडी शिव्या द्यायची आणि हे एकटे खुशीत यायचे. अंधारात तारे बरे दिसतात म्हणून. स्कूटरची बॅटरी काढून दुर्बिणीला जोडलेली असल्यामुळे स्कूटरचा हॉर्न महिनाभर मुका होता. त्या महिन्यात साडू गर्दीतून तोंडाने "बाजू, बाजू" म्हणत दुकानात जात.

शेवटी एका संध्याकाळी मी चिडलो. "अहो, गच्चीवर न्या ना ते धूड! इथं काय करून राह्यले?"

"वर हवा लय राह्यते," साडू मोठ्यांदा म्हणाले. मग आतल्या खोलीकडे पाहत त्यांनी आवाज उतरवला. "वर पह्यल्याच दिवशी जमलंतं, भाऊ, यंत्राबिगर, हातानंच. पाच मिनटात. शनीची कडी दिसली. धावत खाली आलो, हिले सांगितलं. थे म्हणे, तुमीच पाहा, मले कुठं पायऱ्या चढता येते आता?"

ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, संधिवात होता. दोन वर्षांत त्या या गॅलरीच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

"मग यंत्र कशाला? हातानेच धरा शनीवर."

"थे उठून येईस्तोवर शनी निघून जाते. अर्ध्या मिनटात भिंगाच्या बाहेर. यंत्रानं धरून ठेवलं तरच तिले भेटन."

तेवढ्यात आतून ताईंचा आवाज आला. "भाऊजी, एका ग्रहावरबी जुळते म्हणून त्या पुस्तकात लिवलं हाय. दोन तारे नाई लागत. पान तेलकट हाय, पण वाचता येते."

साडू उसळले. "मग सांगितलं काऊन नाई?"

"दुकानदाराले लागत नाई ना!"

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. जिना आणि टाकीच्या मधून शनी वर आला होता. साडूंनी यंत्राला तोच दाखवला. यंत्राने घूं केलं आणि त्याला धरलं. ताई भिंतीला हात लावत, दोनदा थांबत आल्या, खुर्चीवर टेकल्या. शनी जागचा हलला नव्हता. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"इतके शनिवार तेल वाह्यलं," त्या म्हणाल्या, "तोंड आज पाह्यलं."

साडू पाठ फिरवून बॅटरीची वायर तपासत राहिले. वायरीला काहीही झालं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या प्लॉटवर तीन मजले चढले आणि तेवढंही आकाश गेलं. साडू कोर्टकचेरी करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दुर्बिणीवर जुनी चादर घातली, एवढंच. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "आता तरी गच्चीवर न्या."

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "मी वर गेलो का थे खाली एकटी राह्यते."