लग्नाहून परतलेला देव

मणलूरच्या देवळातले गायक, म्हणजे ओदुवार, आहेत वैद्यलिंगम. गाव त्यांना वैत्ती म्हणतं. वडिलांनी सातव्या वर्षी देवापुढे उभं केलं, ते अजून उभेच आहेत. सकाळ-संध्याकाळ पदं म्हणायची आणि वर्षातून एकदा देवाच्या वतीने माफी मागायची, एवढंच काम. पदं त्यांना जिवापाड आवडतात. माफी मात्र अलीकडे जिवावर येते.

त्या माफीची कथा मणलूरच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. देवाची एक भक्त होती, विधवा कुंभारीण. तिच्या लेकीच्या लग्नात वडीलकीला उभं राहायला कुणी नव्हतं, म्हणून देवच थोरला काका होऊन गेला. बायकोला सांगायचं राहिलं. सकाळी परतला तो अंगाला हळद माखलेली, आणि देवीने दार लावून घेतलेलं. म्हणून उत्सवाच्या सकाळी पालखी देवीच्या बंद दाराशी थांबते. बाहेरून एक ओदुवार देवाची बाजू बोलतो, आतून दुसरा देवीची. बाहेरच्याने "चूक माझी" म्हटल्याशिवाय दार उघडत नाही.

आतले ओदुवार म्हणजे वैत्तींचे थोरले बंधू नटेसन. दोघांचं घर एक, मधे भिंत, विहीर सामाईक. वैत्तींच्या लेकीने, पूंगोडीने, जातीबाहेरचा नवरा केला, तेव्हा नटेसन भिंतीपलीकडून लग्नाला आले नाहीत. मांडवात थोरल्या काकाचा पाट रिकामा राहिला. तेव्हापासून भाऊ वर्षातून एकदाच एकमेकांशी बोलतात, तेही दाराआडून, देवादेवीच्या नावाने. पालखीवाला सोक्कन म्हणतो, "भांडण खरं असलं की खेळ रंगतो बरं!" त्याचं काही खोटं नाही.

यंदा उत्सवाच्या सकाळी मदुरैच्या एक बाई प्रदक्षिणेच्या वाटेवर भेटल्या. वैत्तींनी नेहमीसारखी कथा सांगितली. बाईंनी ती हात जोडून ऐकली आणि विचारलं, "ते सगळं खरं हो, ओदुवार. पण पोरक्या पोरीच्या लग्नाला गेला, यात त्याची चूक ती काय?"

"सांगून गेला नाही ना."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का तिने?"

बाई नमस्कार करून पुढे गेल्या आणि वैत्तींचं डोकं फिरलं. लग्नाला गेला त्याने माफी मागायची, आणि जो गेला नाही त्याने आत बसून ती ऐकायची! हा कुठला न्याय? यंदा म्हणायचंच नाही, त्यांनी ठरवलं. दार उघडत नसेल तर न उघडो.

पालखी दाराशी आली. ढोल थांबला.

"कोण आहे बाहेर?" आतून नटेसनांचा आवाज आला. म्हातारा, पण खणखणीत.

"घरधनी."

"घरधन्याच्या अंगाला हळद कुणाची?"

"कुंभारणीच्या लेकीची. अक्षता टाकून आलो."

"मग तिथेच राहायचं होतं. इथे काय काम?"

आता ते दोन शब्द म्हणायचे. वैत्ती गप्प. पालखीवाल्यांनी खांदे बदलले. पुजारी कानाशी येऊन म्हणाले, "विसरलात का?" वैत्तींनी मान हलवली. विसरले नव्हते.

"अहो मामा, उरका की!" सोक्कन कळवळला. "देव पंचधातूचा आहे, कापसाचा नाही!"

कुणी हसलं, मग तेही थांबलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला तो दाराला अगदी लागून.

"तम्बी."

धाकट्या भावाला घरात मारायची ती हाक. देवी नवऱ्याला असं म्हणत नाही.

"तम्बी, चूक माझी. मी यायला हवं होतं. लोक काय म्हणतील याला भ्यालो. आता तू म्हण बाबा. त्याशिवाय मला कडी काढता येत नाही."

वैत्तींना रडू कोसळलं. भर गर्दीत, उपरणं तोंडाला लावून ते रडले. मग घसा खाकरून, पदाला लावतात त्या सुरात म्हणाले, "चूक माझी." इतकी वर्षं कडू लागलेले शब्द या वेळी कडू लागले नाहीत.

कडी निघाली. रीतीप्रमाणे नटेसन कापूर ओवाळू लागले, पण त्यांचं लक्ष देवाकडे कमी आणि भावाकडे जास्त होतं. ढोल पुन्हा सुरू झाला तशी त्यांनी हळूच विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"आलीय. ती बघा, खांबाशी उभी आहे."

"यंदा बरी आली."

"दर वर्षी येते, अण्णा," वैत्ती म्हणाले. "तुमचा आवाज ऐकायला."