आज आत्यानं सख्खी बहीण मयत लिहून दिली

मंडळी, डोकं तापलंय. आत्याला घरी सोडून तडक बारामतीच्या सायबर कॅफेत आलोय.

बाळंतपणात आजी गेली, तेव्हा आत्याची तान्ही बहीण मूल नसलेल्या एका घरी देऊन टाकली. कुठल्या गावी, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. जन्माच्या जुन्या रजिस्टरात तेवढं शेऱ्यात लिहिलंय. म्हणून सकाळच्या एसटीनं आत्याला इंदापूरच्या तहसील कचेरीत नेलं.

कारकून म्हणाला, "जिवंत माणसाची नोंद दुसऱ्याला दाखवता येत न्हाय, मावशी. मयत आसंल तर वारसाला दावतो. मेली म्हणून लिहून द्या."

आत्या माझ्याकडं बघत राहिली. "नुसता कागद आहे, उठव अंगठा," असं मीच म्हणालो.

अंगठा घेतल्यावर त्यानं पान उघडलं आणि शेऱ्यावर तळहात ठेवला. नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' होतं.

"आन् गाव?" आत्यानं विचारलं.

"मेलेल्या बहिणीचं गाव कशाला पायजे, मावशी?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं खदाखदा हसले. मी भांडलो, तर शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी आल्यावर आत्या उंबऱ्याबाहेरच थांबली. "डोस्क्यावरनं पाणी वत माझ्या. सुतक हाय."

ओतलं मी.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी तान्हेपणी दुसरीकडून आणलेली, आता सत्तरीला टेकलेली आजी आहे का? असेल तर लगेच कळवा. फक्त तिच्या नावानं आम्ही आजच आंघोळ केली, हे तिला सांगू नका.