बेबीताईंचे हरवलेले माईल्स

तिकीट काढायला लोक पाच मिनिटं येतात, हरवलेले माईल्स, म्हणजे विमानप्रवासावर मिळणारे पॉइंट, मागायला मात्र महिनाभर येतात! बसतात, चहा घेतात, एअरलाइनला शिव्या घालतात. त्यामुळं अकोल्यात जठारपेठेतल्या माझ्या बुकिंग ऑफिसात तिकिटं कमी अन् किस्से जास्त निघतात. बेबीताई वानखडेंचंच घ्या.

ताई रिटायर्ड नर्स, वय चौसष्ट. लेकीकडं बंगळुरूला विमानानं जाऊन जाऊन एका फ्री तिकिटाइतके माईल्स जमत आले होते. पण शेवटची ट्रिप खात्यात चढलीच नाही, अन् जुने माईल्स महिनाअखेर संपणार होते. ते तिकीट होतं बार्शीटाकळीच्या मोठ्या बहिणीसाठी. आक्कानं जन्मभर बाजारात भाजी विकली, विमान फक्त खालून पाहिलं. ताईंनी तिला शब्द देऊन ठेवला होता, "तुले माह्या माईल्सवर नेईन म्हंजे नेईन!"

*

ताईंचे मिस्टर, वानखडे सर, यांनी वेगळाच क्लेम काढला. "माईल म्हंजे मैलच ना? मंग अकोल्याहून नागपूरच्या विमानतळावर गेलो, थे मैल कोठी गेले?"

"सर, तिथं तुम्ही रेल्वेनं गेलात."

"गेलो तं विमानासाठीच ना बे!"

सरांनी मला शाळेत गणित शिकवलेलं. मी तेही मैल लिहून घेतले.

*

एअरलाइननं बोर्डिंग पासचा फोटो मागितला. पास घरी नव्हता! ताई विमानानं आल्या म्हणून तो गल्लीत पाहायला फिरत होता. चार घरं फिरून परत आला, तेव्हा त्यावर हळदीचं बोट उमटलेलं. उत्तर आलं, "पिवळ्या डागामुळे सीट नंबर दिसत नाही."

ताई भडकल्या. "मी सांगतो ना! संडासाजवळची होती!"

*

मग माझ्या ऑफिसातून फोन, स्पीकरवर. मराठीसाठी दोन दाबलं, तर एक पोरगी एकदम शुद्ध बोलली, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"दिलगीर काहून होऊन राहिली बाई? माईल्स दे अन् मोकळी हो!"

पोरीनं ताईंचा रेकॉर्ड पाहिला अन् म्हणाली, "मॅडम, बेबीला माईल्स मिळत नाहीत. बेबी मोठ्यांच्या मांडीवर बसून प्रवास करते."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"चौसष्टची हाय मी! कोणाच्या मांडीवर बसू? याईच्या?" ताईंनी सरांकडं बोट दाखवलं. "याईचे गुडघे बदलले हायत!"

पोरगी हसली की रडली, कळलं नाही. म्हणाली, "आधार कार्ड पाठवा." आधारवर ठळक छापलेलं, बेबी रामदास वानखडे, अन् खाली चौसष्ट वर्षांपूर्वीची जन्मतारीख. दोन दिवसांत माईल्स जमा झाले. मला इतका आनंद झाला की चहा मीच पाजला.

*

महिना संपायला एक दिवस उरला, तेव्हा ताई आक्काला घेऊनच आल्या. नवीन लुगडं, हातात पिशवी. फ्री तिकिटाला प्रवाशाचं नाव फोनवर सांगायचं होतं. मी फोन पुन्हा स्पीकरवर टाकला. तीच पोरगी!

"मॅडम, प्रवाशाचं नाव?"

"माही मोठी बहीण," ताई म्हणाल्या. "शिशुकला."

पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम... आधी वय सांगा."

आक्कानं फोन हिसकावला.

"अडुसष्ट! अन् मांडीगिंडी नाई, मले खिडकी पायजे!"