लक्ष्मीची नोट

सराफाच्या दुकानात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी सोन्याचा पातळ पत्रा असलेल्या पूजेच्या नोटा काचेवर ठेवल्या. दर गुरुपुष्याला एक, अशा जमवलेल्या. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मोडायच्या होत्या.

"मावशी, जाळल्याशिवाय सोनं निघत नाही."

"अरे, लक्ष्मी आहे त्यावर!"

"मग ठेवा देवघरात."

"आणि फी तू भरतोस?"

साधी नोट या हातातून त्या हातात जाते. ही खर्चायची तर आधी जाळावी लागते. माझ्या पदवीसाठी आईनेही डोरलं मोडलं होतं. तेव्हा सराफासमोर ती कशी उभी राहिली असेल?

बाईंनी चपला काढून हात जोडले. "जाळ बाबा," म्हणाल्या. ज्योत पेटली, तेव्हा त्यांना डोळे मिटायचे होते. पण सोनं वजनात कमी भरू नये यावर नजर ठेवायची होती, म्हणून त्या बघत राहिल्या.