दादाचं अर्धं वाक्य

परवा नातवाने माळ्यावरचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. झाकण उघडलं तसा जुन्या रबराचा वास आला आणि मी पंचेचाळीस वर्षं मागे, नागपूरच्या सदर भागातल्या थिएटरात जाऊन बसले.

हिंगण्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या माझ्या दादाने तो उदास इंग्रजी सिनेमा दोनदा पाहिला होता, एका गाण्यासाठी. त्याची रेकॉर्ड नागपुरात मिळत नव्हती. म्हणून तिसऱ्यांदा त्याने मला सोबत नेलं. टेपरेकॉर्डर माझ्या पिशवीत, वर विणायला घेतलेलं स्वेटर. बायकांच्या पिशव्या डोअरकीपर उघडत नसे.

पडद्यावर नायक रिकाम्या रस्त्याने एकटाच चालत होता. पाण्याखालून यावी तशी गिटार रेंगाळत, हेलकावत आली आणि एक घोगरा आवाज विव्हळू लागला. मी बटण दाबलं. तेवढ्यात दादा हळूच म्हणाला, "बेबी, मले तुले एक सांगाचं होतं वं..."

"चूप ना गा दादा, टेप होऊन राहिलं."

गाणं मिळाल्याच्या आनंदात बाहेर आल्यावर मी विचारायचं विसरले. पुढच्याच महिन्यात दादा कंपनीच्या बसमध्ये बसून कामावर गेला, तो आजवर घरी परतला नाही.

नातवाने तेव्हाची ती कॅसेट लावली. गाणं खरखरीत पार बुडून गेलंय. आमचे आवाज मात्र स्वच्छ आहेत, कारण पिशवी माझ्या मांडीवर होती. दादाचं अर्धं वाक्य येतं, मग माझं दटावणं. त्यानंतर टेप संपेपर्यंत दादा गप्प आहे. मी सांगितलं तसा.