मान वर करून

कॉलेजात वक्तृत्वाची दोन बक्षिसं मिळाली होती. त्यामुळे बोलायला कसं उभं राहावं हे जगात आपल्यालाच कळतं, अशी सव्विसाव्या वर्षी माझी ठाम समजूत होती. एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. लोणावळ्याच्या एका शाळेत मास्तरकी करायचो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडी पकडून पुण्याच्या तुरुंगात जायचो. साक्षरतेच्या वर्गातल्या कैद्यांना चार माणसांत बोलता यावं, असं तिथल्या जेलरसाहेबांच्या मनात आलं होतं.

वर्गात अकरा जण. त्यांतले एक आमच्याच भागातले, भुशीच्या वरच्या वाडीवरचे. भातखाचराचं पाणी वळवण्यावरून भांडण झालं आणि त्यांच्या हातून चुलतभाऊ मेला. फावड्याचा एकच घाव. चाळिशीचे होते, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो. शिक्षा लवकर संपवावी का, हे ठरवणाऱ्या समितीपुढे त्यांना महिन्याभराने उभं राहायचं होतं. घरी आई एकटी, डोळ्यांनी अधू. समितीने सोडलं तर तिची भेट, नाही तर आणखी तीन वर्षं.

भाऊ बोलायला उठले की हात जोडलेले, नजर फरशीवर, आवाज छातीतच. साहेबापुढे असंच उभं राहायची तुरुंगातली रीत मला ठाऊक होती. ती मोडणं हेच आपलं काम, असं मी धरून चाललो होतो.

"भाऊ, मान वर. समोरच्याच्या डोळ्यांत बघा. हात सोडा."

"साहेबाच्या डोळ्यात? न्हाई जमायचं, मास्तर."

"जमेल."

चार शनिवार मी त्यांचा पिच्छा पुरवला. चौथ्या शनिवारी ते खणखणीत बोलले. गुन्हा कबूल, आई म्हातारी आहे, घरी जाऊन शेती करीन. वर्गाने टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत मी स्वतःवरच खूश होतो.

समितीने अर्ज फेटाळला. जेलरसाहेब मला फाटकाशीच भेटले.

"अहो, काय शिकवलंत त्याला? खून करून आलेला माणूस साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलतोय. मग्रूर आहे, पश्चात्तापाचं नाव नाही, असं लिहिलंय त्यांनी. निकाल त्याला अजून सांगितलेला नाही."

मला शरम वाटली. आल्या पावली परत जावं, असंही वाटलं. तरी वर्गात गेलो. भाऊ नेहमीच्या जागी बसले होते. माफीचं वाक्य मी जिना चढताना जुळवलं होतं, पण खडू उचलून फळ्यावर तारीखच लिहीत बसलो.

शेवटी तेच उठले. मान वर, हात मोकळे.

"मास्तर, तुमी तितं नव्हता. पर म्या चाचरलो न्हाई. तुमी सांगितलं तसं समदं बोललो." मग त्यांनी विचारलं, "ब्येस झालं आसंल न्हवं?"

"उत्तम झालं असणार, भाऊ," मी फरशीकडे बघत म्हणालो.

त्यांची आई पुढच्या वर्षी गेली. ती बातमी मीच घेऊन गेलो.