पोथीवर ठेवलेला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी पोटात काय दुखतं इथपासून सगळं सांगतो. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापाशी तोंड उघडायचं म्हटलं की मी आधी त्याचा चेहरा बघतो. याला आधीच ठाऊक आहे का? कुणी सांगितलं असेल? वीसेक वर्षं मी माणसांकडे असंच बघत आलोय, अगदी चांगल्या माणसांकडेसुद्धा.

पोथीपासून सुरू करतो. तिथून बोलणं जरा सोपं जातं.

आमचं गाव कर्जत आणि खालापूरच्या मधलं, भातशेतीचं. तिथल्या बहुतेक घरांत एखादं जुनं पुस्तक असतंच. कुणाकडे पणजोबांचं पंचांग, कुणाकडे पानं सुटलेलं आरत्यांचं पुस्तक, कुणाकडे झाडपाल्याच्या औषधांचं. वाचत कुणी नाही, पण टाकतही नाही. आमच्या घरातली मात्र हातानं लिहिलेली पोथी होती. सुटी लांबट पानं, वर-खाली दोन लाकडी फळ्या आणि त्यावर लाल कापडाचं बासन घट्ट बांधलेलं. कुणी लिहिली, कधी लिहिली, काही माहीत नाही. गावात याहून जुनं पुस्तक नाही असं सगळे म्हणत, आणि अप्पा — म्हणजे माझे वडील — ते ऐकून जरा ताठ बसत.

तिच्यातलं अक्षर आमच्या घरात कुणाला लागत नव्हतं. एरवी ती उघडायचीही नसे. दसऱ्याला बासनालाच गंध-फूल वाहायचं. तरी गावात तिचा दरारा होता, तो आणेमुळे, म्हणजे शपथेमुळे. बांधावरून भांडण झालं, कुणाची कोंबडी गेली, कुणी कुणाचं पाणी तोडलं, की लोक आमच्या ओटीवर यायचे. विहिरीवर आंघोळ करायची, ओलेत्यानं पोथीच्या पाटासमोर बसायचं, बासनावर उजवा हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी हे केलेलं नाही. खोटी आण घेणाऱ्याचं वाटोळं होतं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. बरेच जण तर आमच्या अंगणात पाऊल टाकायच्या आधीच कबूल होत. तालुक्याच्या कोर्टात जायला लागू नये एवढं काम ती पोथी न उघडता करत होती.

पावसाळा सरला की तिला ऊन दाखवायचं. अप्पांचे गुडघे धरल्यावर माळ्यावरून पोथी उतरवायचं काम माझ्याकडे आलं. खळ्यावर धुतलेलं धोतर अंथरायचं, एकेक पान पसरायचं, वाऱ्यानं उडू नये म्हणून राखण करत बसायचं — दिवस जायचा. मी मॅट्रिक नापास, घरी बसलेला, पण त्या दिवशीच मला कुठलं तरी काम आठवायचं. दोन पावसाळे मी पोथी उघडलीच नाही. दाखवलं ऊन, म्हणून सांगितलं. तिसऱ्या वर्षी बासन सोडलं तर फळ्यांच्या मधे मातीच होती. वाळवीनं पोथीचा चिखल करून वाळवून ठेवला होता. अक्षर असलेला तुकडा शोधला, एकही सापडला नाही.

तेव्हाच अप्पांना सांगायला हवं होतं, नाही का? मी काय केलं? शाळेतलं भूगोलाचं पुस्तक घेतलं, वर्तमानपत्रं त्या मापाची कापली, फळ्यांच्या मधे रचली आणि बासन होतं तसं बांधून माळ्यावर ठेवलं. आणि ती माती — नदीत सोडली, असं लिहिणार होतो. आता कशाला? उकिरड्यात पुरली.

इथपर्यंतचं कदाचित मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. हसलो असतो, त्यांनाही हसवलं असतं. पण पुढचं आहे.

अंगणापलीकडे काकांचं घर. त्यांचा मोठा मुलगा दत्तूदादा भिवपुरीला वीजकेंद्रात कामाला होता, सुट्टीला घरी यायचा. त्याची बायको द्वारकावहिनी. कशेळ्याकडची, कामाला वाघ, बोलायला सरळ — इतकी सरळ की सासूला ती उद्धट वाटायची. काकींचं आणि तिचं रोज काही ना काही वाजायचं. महिन्याला बाई बाजूला बसते, त्यावरूनसुद्धा काकी ऐकवायच्या, की हिला बरोबर कामाच्या दिवसांतच कशी सुट्टी लागते. दत्तूदादाला भिवपुरीला क्वार्टर मिळणार होती आणि वहिनीला तिकडे जायचं होतं. तिनं ते चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

भाताची झोडणी संपत आली होती. काकांच्या गोठ्याला लागून पेंढ्याची नवी गंजी रचली होती. एका दुपारी ती पेटली. बघता बघता गोठा गेला. गाई सोडवल्या, एक बैल सोडवला, दुसऱ्याची दावण कापायला कुणाचा हात पोचला नाही. त्या बैलाचं ओरडणं मी ऐकलं. मीही घागरी वाहत होतो, सगळ्यांत पुढे होतो. लोक नंतर म्हणाले, पोरानं जिवाची पर्वा केली नाही.

संध्याकाळपर्यंत आख्खं गाव एकमेकांकडे तिरकं बघायला लागलं. आग आपोआप लागते का? कुठेतरी पाणी मुरतंय, असं जो तो म्हणत होता. मग शेजारची म्हातारी म्हणाली, दुपारी मी द्वारकीला गंजीच्या मागून येताना बघितलं. झालं — सगळ्यांना सगळं एकदम उमगलं. घर मोडलं की हिला क्वार्टरला जायला मोकळं. वहिनीला विचारलं, मागे कशाला गेली होतीस? ती म्हणाली, "असंच." एवढंच. असंच कुणी जातं का गंजीच्या मागे?

मी ऐकत होतो. मला एकच धास्ती होती — ती मागे गेली होती, तर तिनं तिथं मला बघितलं का?

आता कळलं ना तुम्हाला? विडी माझी होती. अप्पांना तंबाखूचा वाससुद्धा चालत नसे, म्हणून मी गंजीच्या आडोशाला बसून ओढायचो. त्या दिवशी अप्पांची हाक आली, मी विडी मातीत दाबली आणि पळालो. दाबली असं मला वाटलं. बैल जाळल्याचं पाप केवढं, गोठ्याचं नुकसान केवढं, अप्पा काय करतील — मी विचार केला तो एवढाच. दुसऱ्या कुणाच्या अंगावर हे शेकेल असं वाटलं नव्हतं, हे लिहायला बरं वाटतं. पण ते तर माझ्या डोळ्यांदेखत शेकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओटीवर आले. दोन्ही घरांतल्या प्रत्येकानं आण घ्यायची, असं ठरलं. अप्पांनी मलाच माळ्यावर चढवलं. मी बासन उतरवून पाटावर ठेवलं. लोक गोळा झाले, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी काका, मग रात्रीच भिवपुरीहून आलेला दत्तूदादा, मग अप्पा स्वतः. मग काका म्हणाले, "ये रं रघू."

मी हात ठेवला. कापडाखाली काय आहे ते त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं. मी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की आग मी लावलेली नाही. म्हणताना अप्पांकडे बघितलं, ते बासनाकडे बघत होते.

मग बायका. काकी, माझी आई आणि शेवटी वहिनी. केसांतून पाणी गळत होतं. ती पाटासमोर बसली, हात पुढे केला आणि बासनाच्या वर तसाच धरून राहिली. मग मागे घेतला.

"ठेव गं," काका म्हणाले.

"आज नको," ती म्हणाली. "थोडं थांबा. मंग ठेवीन."

"मंग म्हंजी कवा?" काकी म्हणाल्या. "भगताकडं जाऊन, आण बाधू नये म्हून उतारा करून आल्यावर?"

अंगणात कुजबूज सुरू झाली. दत्तूदादा उठला आणि आत गेला. त्याला ती गुन्हेगार वाटली की तिची लाज वाटली, कोण जाणे. संध्याकाळच्या गाडीनं त्यानं तिला माहेरी नेऊन सोडलं.

आठवड्याभरात ती परत आली. बरोबर तिचा भाऊ होता. आंघोळ करूनच अंगणात उभी राहिली. "आता ठेवते हात," म्हणाली. काका म्हणाले, "आता काय उपयोग? भगत गाठला आसंल." भाऊ गयावया करत होता. शेवटी सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं, कारण पोथी आमची. अप्पा म्हणाले, "पोथी पुन्ना खाली येनार नाय." एवढं बोलून ते आत गेले.

का म्हणाले असतील? हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या सकाळी आण घेताना त्यांचा हात बासनावर जरा जास्त वेळ राहिला होता. कागदाचा पोकळपणा त्यांना हाताला लागला असेल का? आणि लागला असेल तर मुलाची आणि घराची अब्रू झाकायला त्यांनी एका पोरीला अंगणातून परत पाठवलं? की त्यांनाही फक्त भगताचीच भीती होती? त्यानंतर त्यांनी कुणालाच आण घेऊ दिली नाही. वारेपर्यंत माझ्याशी ते नीट बोलले, आणि मी त्यांच्या प्रत्येक शब्दात दुसरं काहीतरी शोधत राहिलो. वहिनी भावाबरोबर आली त्या दिवशी ती आमच्या ओटीकडे बघत बराच वेळ उभी होती आणि मी दाराआड होतो. एक पाऊल बाहेर टाकायचं होतं, दुसरं काही नाही. मी टाकलं नाही.

वर्षाच्या आत दत्तूदादानं दुसरं लग्न केलं. नवी बायको भिवपुरीच्या क्वार्टरला राहायला गेली. गावात अजूनही कुठे आग लागली की कुणीतरी म्हणतं, द्वारकी तर आली नव्हती ना? लहान पोरं म्हणतात, ज्यांनी तिला कधी बघितलेलंही नाही.

मी पुढे कर्जतला भाताच्या गिरणीत लागलो. गिरणीच्या कामानं मागच्या वर्षी कशेळ्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. सुकी मासळी घेऊन बसलेल्या बायकांमधून हाक आली, "भावोजी." मी ओळखलं आणि न ओळखल्यासारखं पुढे जाणार होतो. तिनं पुन्हा हाक मारली.

वहिनीचे केस पिकले होते. भावाकडेच राहते म्हणाली, भावजय चांगली आहे म्हणाली. अप्पा गेल्याचं तिला कळलं होतं. मी हूं-हूं करत होतो आणि तिचे डोळे निरखत होतो — हिनं मला कशाला थांबवलं? आता चार लोकांत काढणार का? इतकी वर्षं हिनं राखून ठेवलंय का?

मग तिनं आवाज खाली केला. "येक सांगायचं व्हतं. आता वय झालं, लाज कसली. तवा मी बाजूची व्हते, भावोजी. झोडनीचे दिस, सासू बोलंल म्हून कुनाला कळू दिलं नव्हतं. सैपाक करत व्हते, सगळं शिवत व्हते. कापडं वाळत घालायला तेवढी गंजीच्या मागं गेले. ते चार मानसांत कसं सांगनार?"

ती मासळीवरच्या माशा हाकत होती.

"आनि त्या हातानं पोथीला कसं शिवायचं?" ती म्हणाली. "येवढी जुनी पोथी, तुमच्या वाडवडलांची. माज्यापायी बाटली असती, तुमच्या घरावर काय आलं असतं. मी म्हनलं, माजं काय व्हईल ते व्हवू दे." मग तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काहीही नव्हतं, मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय. "बरी हाय ना पोथी?"

"बरी आहे," मी म्हणालो.

"ऊन दाखवता ना?"

"दर वर्षी."

"मंग झालं," ती म्हणाली आणि एका गिऱ्हाइकाकडे वळली.

ती अजून कशेळ्याला बाजारात बसते. तिकडचं काम निघालं की मी दुसऱ्या कुणाला पाठवतो.